गिरणीची भिंत

आमच्याकडे पाणी खारं.
विहिरीचं खारं, बोअरचं खारं,
भिंतीलाही खालून लोणा चढतो,
दर दिवाळीला खरवडतो मी, पुन्हा फुलतो.
ही भिंत माझ्या पीठगिरणीची, रस्त्याकडची.

रत्नकलाबाई वाकपांजर, वॉर्ड क्रमांक तीन,
अकरा मतांनी निवडून आलेल्या.
मास्तर एकदा म्हणाले, वाक् म्हणजे वाचा, पांजर म्हणजे पिंजरा.
बाई हसल्या, "सासरचं हाये ते."

रोज रात्री त्या गावच्या ग्रुपात लिहायच्या
आज सभेत कोण बोललं, कोण पेंगलं,
गोड्या पाण्याची मशीन कागदावर सुरू,
आणि कुलूप मात्र आठ महिन्यांचं.
एवढंच. शिवी नाही. टोमणा असलाच
तर डाळीतल्या खड्याएवढा.

एका सकाळी सरपंचांनी बटण फिरवलं:
आता फक्त ॲडमिन लिहिणार.
तीनशे बारा माणसं आणि तोंड एक.
उरलेल्यांनी शुभ सकाळची गुलाबं बघायची.

बाई दळणाला आल्या, पाच किलो ज्वारी.
"भाऊ, तुमची भित रिकामीच हाये नं?"
म्हटलं, "लोणा हाये."
"मंग मले चालते."

खडूने लिहिलं त्यांनी, तारीख टाकून, खाली सही.
दुसऱ्या दिवशी सहीखाली कुणीतरी: खरं हाये.
तिसऱ्या दिवशी: खोटं हाये.
मग दळण होईस्तोवर माणसं वाचू लागली,
चष्मा विसरलेली शेजाऱ्याकडून.
कुणी नालीचं लिहिलं,
कुणी हरवलेल्या म्हशीचं, कपाळावर चांद, एक शिंग मोडकं,
आणि कुणी बाईंबद्दल असं काही
की मी पोतं टांगायला निघालो.

बाई आल्या. वाचलं.
खडू उचलला, मला वाटलं पुसतील,
तर त्या घाणेरड्या शब्दावर राहून गेलेला
अनुस्वार दिला.
"लिवू द्या. फक्त शुद्ध लिवा म्हना."
हात थरथरत होता. टिंब जरा मोठंच पडलं.

पोळ्यानंतर बीट जमादार आला.
"सरपंच साहेबाची बदनामी. भित कोनाची?"
माझी.
"मंग गुन्हाबी तुयाच. कोनं कोनं लिवलं, सांग."
म्हटलं, "साहेब, मी पीठ दळतो,
दाना कोनाच्या वावरातला, ते इचारत नाही."

खोटं बोललो.
वीस वर्षं डब्यांवरची नावं वाचतोय मी.
कुणाचा र मोडका, कुणाचा ल पाय ओढतो,
खडू असो की ऑइलपेंट, हात लपत नाही.
ती घाण लिहिणारा त्या घडीला
रांगेत तिसरा उभा होता.
तो माझ्याकडे बघत होता, मी पट्ट्याकडे.
आज त्याचं नाव दिलं
तर उद्या 'खरं हाये'वाल्याचंही द्यावं लागेल,
आणि ते अक्षर
माझं होतं.

भिंतीला चुना मारला ग्रामपंचायतीने.
मंजुरी, काम, बिल, सगळं एका हप्त्यात,
असं आमच्या गावात पहिल्यांदाच.
वर लाल रंगात रंगवून घेतलं:
येथे लिहिण्यास सक्त मनाई आहे.
बाई म्हणाल्या, "शुद्ध हाये."
पाच किलोचे पैसे दिले, डबा डोक्यावर घेतला, गेल्या.

महिनाभर भिंत गप्प.
मग चुन्यातून लोणा फुटला, आधी खालच्या कोपऱ्यात,
आणि एका पहाटे त्या लाल अक्षरांखाली,
पांढऱ्यावर पांढरं, तिरपं धरलं तरच दिसेल असं, खडूने:
हे कोनं लिवलं?

तोच मोडका र असता तर खात्री पटली असती,
पण ल ने पाय ओढला होता.
दुपारी तो डबा घेऊन आला, मुकाट रांगेत लागला.
मीही काही बोललो नाही.
फक्त त्याची ज्वारी, न सांगता,
जरा बारीक दळून दिली.